सात मोजेपर्यंत

शनिवारी सकाळी सात वाजता मला अजूनही आपोआप जाग येते. सिंगापूरच्या पश्चिमेला, जुरोंग ईस्टला, तेव्हा धड उजाडलेलंही नसतं. मी पडल्या पडल्या फ्रिजचा आवाज ऐकतो. फ्रिज चालू आहे, म्हणजे आज मुलाखत नाही. मग आठवतं की आता कुठल्याच शनिवारी मुलाखत नाही, आणि त्यानंतर काही केल्या झोप लागत नाही.

इथे येण्याआधी तीन वर्षं मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगला, काकांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहत होतो. ते माझे कोणी नव्हते. मूळचे डोंबिवलीचे, पाया लेबारच्या एका कंपनीत हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर, इथले नागरिक होऊन जमाना झालेला. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेला सॉफ्टवेअरवाला. पहिल्याच दिवशी खोली दाखवताना त्यांनी भाडं, किल्ली, धुण्याचं मशीन यांपैकी कशाचाही विषय काढला नाही. म्हणाले, "शनिवारी सकाळी आठ ते दहा या घरात पंखा, मिक्सर, फ्लश, काही चालणार नाही. जमेल?" मला वाटलं देवधर्म असेल. जमेल म्हणालो.

देवधर्म नव्हता. काका इंटरनेटवर मुलाखतींचा कार्यक्रम करायचे, आणि त्यात दोनच प्रकारच्या माणसांना बोलवायचे. एक, विनोदी नटांची चरित्रं लिहिणारे लेखक. दुसरे, कॅनडातले असे गायक-वादक, ज्यांच्यामागे कुठलीही कंपनी नाही, जे स्वतःच गातात, स्वतःच ध्वनिमुद्रण करतात आणि स्वतःच गाडी चालवत गावोगाव जातात. तिसरा प्रकार नाही. मंडळाच्या गणपतीत कोणी ना कोणी हमखास विचारायचं, "कॅनडा? मुलगी असते का तिकडे?" काका म्हणत, "नाही हो, कोणी नाही." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा. मुलगी असती तर सगळ्यांचीच सोय झाली असती.

मलाही त्यांनी कारणं दिली, पण दर वेळी वेगळं. एकदा म्हणाले, कॅनडाची वेळ बरी पडते, तिकडे शुक्रवारची संध्याकाळ असते. एकदा म्हणाले, हसवणाऱ्याला सगळे भेटतात, त्याच्यावर दहा वर्षं घालवणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. एका रविवारी भाजी चिरता चिरता मात्र खरं कारण त्यांच्या तोंडून निघून गेलं. ते पुढे सांगतो.

मुलाखत व्हायची बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या सरकारी फ्लॅटांना जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक बारकी खोली असते, युद्ध झालंच तर लपायला. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिच्यात सुटकेसा, तांदळाच्या पिशव्या आणि आकाशकंदील ठेवतात. काकांनी तिथे भिंतींना जुन्या रजया ठोकून एक टेबल, माइक आणि दोन स्टुलं मांडली होती. दुसरं स्टूल माझं. कानाला हेडफोन लावून आवाजाची पातळी बघायची, हे काम पहिल्याच महिन्यात माझ्या गळ्यात पडलं होतं. लोखंडी दार लावल्यावर फ्रिजची घरघर आत येणं शक्य नाही, हे मी इंजिनिअर या नात्याने त्यांना सांगून पाहिलं. "तुला येत नसेल ऐकू," ते म्हणाले. "पाहुण्याला कळतं." फ्रिज बंदच राहिला. तो परत चालू करायची आठवण राहावी म्हणून ते आपलं एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, कार्ड फ्रिजमध्ये ठेवत. तरीही सोमवारी स्टेशनवर पोचून खिसे चाचपणारे काका आणि घरी नासलेलं दही, असं निदान चार वेळा झालं.

त्या खोलीत मरणाचं उकडायचं. मी बनियनवर बसायचो. काका मात्र इस्त्रीचा, लांब बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणं लावून बसत. "अहो, पाहुण्याला फक्त आवाज जातोय," मी म्हणालो. "म्हणून काय झालं? पाहुणा आल्यावर माणूस बनियनवर बसतो का?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढच्या शनिवारपासून मीही शर्ट घालायला लागलो. बाहेर पडलो की दोघंही नुकतेच पोहून आल्यासारखे दिसायचो. शेजारच्या चिनी आँटी जाळीच्या दारातून हाक मारायच्या, "युवर अंकल अगेन इन द शेल्टर, आह? सो हॉट, लेटर फेंट, हाऊ?" आणि चक्कर येऊ नये म्हणून बार्लीचं गार पाणी पाठवायच्या.

काकांची एक पद्धत होती. पाहुणा बोलायचा थांबला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची, एक ते सात. मगच तोंड उघडायचं. "पहिलं उत्तर माणूस जगाला देतो," ते म्हणत. "ते पाठ असतं. तू सात मोजेपर्यंत गप्प बसलास तर दुसरं येतं. ते त्याला स्वतःलाच नवीन असतं." हे म्हणे ते ऑडिटमध्ये शिकले होते. गप्प बसलं की समोरचा आपण होऊन दुसरी फाइल काढतो.

आणि खरोखर तसं व्हायचं. इंग्लंडमधले एक वयस्कर लेखक होते, आमच्यासाठी तिकडे मध्यरात्री जागलेले. रंगमंचावर शिडीवरून पडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका विनोदी नटाचं त्यांनी जाडजूड चरित्र लिहिलं होतं. तो नट एकदा खरोखरच पडला, बरगड्या मोडल्या, आणि नेहमीसारखा हशा झाला, असं पुस्तकात होतं. काकांनी विचारलं, "लोक किती वेळ हसले?" लेखक म्हणाले, "त्याची नोंद नाही." काका गप्प. मी हेडफोनमध्ये त्या माणसाचा श्वास ऐकत होतो. सहाव्या पेराला ते म्हणाले, "पडदा पडेपर्यंत. मी होतो तिथे. नऊ वर्षांचा होतो. मीही हसत होतो." पुस्तकात ही ओळ नव्हती. ते चरित्र त्यांनी का लिहिलं, हे मला तेव्हा कळलं. काकांनी फक्त "थँक्यू" म्हटलं आणि आणखी सात मोजले.

हे सगळं ऐकणारे किती? काकांच्या मते एकशे चाळीस, आणि त्यातले वीस चुकून आलेले.

प्रत्येक मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात रंगीत तालीम व्हायची. पाहुणा मी. मी बॅन्जोवादक झालोय, दोन नटांच्या जोडीवर लिहिणारी प्राध्यापिका झालोय, मासेमारीच्या गावातली फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी आजीसुद्धा झालोय. "बोला आजी, पहिली फिडल कुणाची?" असं काका अगदी गंभीरपणे विचारायचे. मी काहीतरी थापा मारायचो. थाप बेतलेली वाटली की ते स्टुलाला टिचकी मारत. "हे छापील बोललास. पुन्हा." रोज ऑफिसात आठ तास मी स्वतः असायचो, पण कोणी इतकं कान देऊन माझं ऐकत नव्हतं. हौगांगमध्ये आजी झालो की ऐकलं जायचं. आज मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ते ऐकणं आठवतं. तसं कोणी ऐकलं की आपण आहोत त्यापेक्षा बरं बोलतो.

स्वतःबद्दल मात्र काका बोलत नसत. एखादा पाहुणा सुरुवातीला सौजन्याने विचारायचा, आपण कसे आहात. काका म्हणायचे, "थर्टी-टू डिग्रीज, ऑलवेज," आणि कामाला लागायचे.

आता ती भाजीची गोष्ट. भेंडी होती. चिरता चिरता काका म्हणाले, "तरुणपणी मला ऑडिटसाठी तीन महिने ओंटारिओतल्या एका लहान गावात पाठवलं होतं. एका संध्याकाळी चर्चच्या तळघरात दिवा दिसला म्हणून शिरलो. एक बाई गिटार घेऊन गात होती. नऊ माणसं ऐकायला, माझ्यासकट. दोन तास गायली रे, हजार लोक असल्यासारखी. ती का गायली, हे तिला एकदा विचारायचंय." एवढंच. आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "भेंडीत गूळ घालायचा का?"

पण त्या दिवसापासून मला कळलं, की कॅनडाचे इतके सगळे पाहुणे म्हणजे काकांनी त्या एका बाईपर्यंत जायला विचारत विचारत धरलेला रस्ता होता. प्रत्येक मुलाखत संपली, माइक बंद झाला, की ते गाणाऱ्याला तिचं नाव सांगून विचारायचे, ओळखता का? बहुतेक जण नाही म्हणत. दोन वर्षांपूर्वी एकजण हो म्हणाला. ती आता शाळेत संगीत शिकवते, घरच्या घरी रेकॉर्ड काढते आणि डाकेने पाठवते. काकांनी तिला हाताने पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी होकार आला. काकांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं आणि त्या दिवशी जेवताना तिसऱ्यांदा.

त्याच महिन्यात एका बॅन्जोवाल्या पाहुण्याच्या मुलाखतीत भलताच प्रकार घडला. पाहुणा सांगत होता, की त्याच्या नव्या रेकॉर्डमध्ये भावाचा आवाज आहे, आणि रेकॉर्ड पुरी व्हायच्या आत भाऊ गेला. सांगताना पाहुण्याचा आवाज फाटला होता. काका प्रसन्नपणे म्हणाले, "लव्हली. लव्हली." पाहुणा म्हणाला, "काय म्हणालात?" काका म्हणाले, "येस, येस, लव्हली." त्याने फोन ठेवला.

"लाइन गेली का?" काकांनी मला विचारलं.

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक दिवस मी त्यांच्याशी मोठ्यानेच बोलत होतो. मग त्यांनी खरं सांगितलं. डावा कान आदल्या वर्षीच गेला होता. उजवा झपाट्याने चालला होता. कानाला यंत्र लावलं की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा आणि फोनवरचं तर काहीच लागायचं नाही. आतापर्यंत ते अंदाजाने मुलाखती घेत होते. कोणालाही सांगितलं नव्हतं. बॅन्जोवाल्याला त्यांनी चार पानी माफीचं पत्र लिहिलं. मग मला म्हणाले, "बंद करू या सगळं. फक्त तिचं एक होऊ दे."

मी त्यांना बोललेलं आपोआप लिहून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून दिलं. ते भराभर लिहायचं आणि भराभर चुकायचं, आणि काकांची ऑडिटरची नजर नेमकी चुकीवर अडकून बसायची, तोवर दोन वाक्यं पुढे गेलेली असायची. शेवटी ते म्हणाले, "तू ऐक, तू लिही. मी वाचून विचारतो." आम्ही सराव केला. मी टाइप करायचं, त्यांनी पडद्यावर वाचायचं, आणि पाहुण्याचं बोलून झालं की मी हात वर करायचा. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारायचा.

"आणि सात?" मी विचारलं.

"मला बोलणं ऐकू येत नाही, तर थांबणं कुठून येणार? सात आता तू मोजायचे," ते म्हणाले. "घाई करू नकोस हं."

तो शनिवार उजाडला. काका सहालाच दाढी करून तयार. नवा शर्ट. आँटींना आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं, की आज दारावर हाक नको. आठ वाजता तिचा आवाज आला. बारीक, कोरडा, जराशी थट्टा असलेला. मी टाइप करायला लागलो. लहानपण, पहिली गिटार, शाळेतली मुलं. काका वाचत होते, विचारत होते, चेहऱ्यावर असा उजेड की मला त्यांच्याकडे बघवेना. मी बेताने हात वर करत होतो, पेरं मोजत होतो, सगळं छान जमत होतं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. गावाचं नाव, चर्चचं तळघर. "नऊच माणसं होतो आम्ही. तुम्ही दोन तास का गायलात?"

ती म्हणाली, "हॉल दोन तासांसाठी मिळाला होता."

मी टाइप केलं. काका वाचून हसले. ती मात्र हसली नाही. ती गप्प झाली. मी मोजायला लागलो. एक. दोन. ती रागावली का? तीन. काकांचं हसू तिला लागलं का? लाइन तर गेली नसेल? काका माझ्या हाताकडे बघत होते. मला ती शांतता सोसवेना. याआधी अशा शेकडो शांतता मी ऐकल्या होत्या, पण त्या सांभाळायला काका असायचे. ही माझ्या एकट्याच्या हातात होती. चौथ्या पेराला मी हात वर केला.

काकांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि त्याच क्षणी हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "अँड—" एवढाच. मग ती थांबली, काकांचा प्रश्न पूर्ण होऊ दिला आणि त्याचं उत्तर दिलं. पुढची चाळीस मिनिटं उत्तम गेली.

दार उघडून बाहेर आल्यावर काकांनी पहिलं काय विचारलं असेल? "हॉलच्या उत्तरानंतर सात मोजलेस ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग काही बोलली नाही?"

"नाही."

काका मान हलवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तेवढंच होतं. हॉल मिळाला होता म्हणून गायली." आणि हसले. मला ते हसू अजून दिसतं. पस्तीस वर्षं जपलेला प्रश्न असा निकालात निघाला. नंतर ते ही गोष्ट सगळ्यांना विनोद म्हणून सांगायचे. मंडळातही सांगितली. "हॉल दोन तासांसाठी मिळाला होता!" लोक हसत आणि मी खाली बघत बसायचो. तेव्हाच सांगून टाकलं असतं, तर ते चिडले असते आणि तिला दुसरं पत्र लिहायला बसले असते. बस्स, इतकं सोपं होतं ते. पण आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. पुढे माझी नोकरी इकडे पश्चिमेला आली, मी जुरोंग ईस्टला भाड्याने घर घेतलं. काकांना भेटायला जायचो तेव्हा वहीवर लिहून बोलायचो, आणि वहीवर लिहून असलं काही कबूल करणं मला फारच अवघड वाटायचं.

या वर्षी ते गेले. झोपेत गेले. सकाळचं वर्तमानपत्र दाराबाहेर तसंच पडलेलं आँटींनी पाहिलं आणि मला फोन केला. डोंबिवलीहून पुतण्या आला, सगळं उरकून चौथ्या दिवशी परत गेला. तो काकांना लहानपणी दोनदा भेटला होता.

दोन आठवड्यांनी मी त्या गाणाऱ्या बाईला ई-मेल लिहिली. काका गेल्याचं कळवलं. आणि जे काकांना सांगायला हवं होतं ते तिला सांगितलं, की त्या दिवशी मध्येच तोडणारे ते नव्हते, मी होतो. तुम्ही पुढे काय म्हणणार होतात, तेवढं सांगाल का?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं, की खरं सांगायचं तर ती संध्याकाळ तिला आठवत नाही. नऊ माणसांच्या संध्याकाळी तिने आयुष्यात फार काढल्या. पण त्यांच्या आवाजावरून तिला जाणवलं, की या माणसाला ती संध्याकाळ कालच्यासारखी लख्ख आठवतेय. "तेव्हा मी त्यांना विचारणार होते, आणि तुम्ही? तुम्ही त्या दिवशी तिथे काय करत होता? घरापासून इतक्या लांब, अनोळखी गाणं ऐकत दोन तास का बसलात? पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मला वाटलं, त्यांना कोणी विचारलेलं आवडत नसावं. तुम्ही तर त्यांच्या घरात राहिलात. तुम्हाला माहीत असेल. मला सांगाल?"

मी लगेच उत्तर लिहायला बसलो. लिहिलं, की ते तरुण होते, ऑडिटच्या कामासाठी तीन महिने तुमच्या देशात आले होते, आणि एका संध्याकाळी तळघरात दिवा दिसला म्हणून आत शिरले.

दीड ओळ झाली. त्या दिवशी ते एकटे होते का, घरून काही बातमी आली होती का, घरी कोण होतं, कोणी होतं का, यातलं मला काहीच माहीत नाही. तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर जेवलो, आणि एकदाही विचारलं नाही.

ती दीड ओळ मी तशीच पाठवली.